पन्नास मारले, तरी ऐकेना

लिहिण्याचं धाडस करतोय, त्याबद्दल वाचकांनी आधीच माफ करावं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि पुढची सगळी वर्षं पोलीस खात्यात जबाब नि पंचनामे लिहिण्यात गेली. भाषा तशीच कोरडी येईल. पण एक तपास अजून मनातून जात नाही. नावं कुणाचीच देत नाही.

मी तेव्हा मुकुंदवाडीच्या बाजूला सहायक निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक बाई ठाण्यात आल्या. नवरा एका रिकाम्या प्लॉटवर वॉचमन. तिथं मोठी इमारत उठायची होती. तो कालपासून घरी आला नव्हता. मोबाईल घरीच राहिलेला.

“कुणाशी भांडण वगैरे?”

“परवा तिथं जमिनीत भोकं पाडायला आलेल्या बोअरवाल्यांशी झालं, साहेब. ह्यांच्या प्यायच्या पाण्यानं त्यांनी पाय धुतले. हे बी बोलायला लई तिखट.”

बेपत्ता व्यक्तीची नोंद घेत होतो, तेवढ्यात त्याच भागात राहणारे एक गृहस्थ आत आले. आवाज खाली आणून म्हणाले, “काल दुपारी त्या प्लॉटच्या पत्र्यामागं कुणाला तरी मारत होते. धप्प, धप्प. एक जण मोजत होता. मग म्हणाला, ‘पन्नास मारले, तरी ऐकत नाय. सोडा आता. पिशवीत भरा नि चिठ्ठी लावा.’ मी घाबरून निघून आलो, साहेब.”

बाकावरच्या बाईंनी ते ऐकलं. त्या रडल्या नाहीत. पदराचं टोक मुठीत घट्ट धरून नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. ती नजर मला सोसवली नाही.

आम्ही प्लॉटवर गेलो. लोखंडी तिपाई, दोरखंड, आणि एका माणसाला धड उचलवणार नाही असा हातोडा. बोअरवाल्यांच्या टोळीतल्या प्रत्येकाला वेगळं बसवलं. त्यांच्या मिस्त्रीला मी स्वतः विचारू लागलो.

“काल पन्नास कुणी मारले?”

“आम्हीच.” गड्यानं डोळासुद्धा लवू दिला नाही.

“पन्नासच का?”

“नियम हाय, साहेब. पन्नासला सोडायचं. पुढं मारून काय फायदा? दांडा खाली जातच नाय.”

“कसला दांडा? मारलं कुणाला?”

“कुणाला म्हंजे? दांड्याला! खाली खडक लागला व्हता.”

बाकीच्यांनीही वेगवेगळं विचारल्यावर हेच सांगितलं. मग मिस्त्रीनं करूनच दाखवलं. ठरावीक उंचीवरून हातोडा दांड्यावर सोडायचा आणि दांडा जमिनीत उतरायला किती ठोके लागतात ते मोजायचं. भुसभुशीत मातीत थोडक्यात उतरतो, मुरमात जास्त लागतात. त्यावरून जमीन इमारतीचा भार पेलेल की नाही ते कळतं. वर आलेली माती पिशवीत भरून चिठ्ठी लावतात.

माझे हवालदार हळूच म्हणाले, “साहेब, खडकाला कोणतं कलम लावायचं?”

हसू आलं, पण दाबलं. बाईंचा माणूस अजून सापडला नव्हता.

“आणि वॉचमन?” मी मिस्त्रीला विचारलं.

“मामा व्हय? ते काल मातीचे नमुने घेऊन टेम्पोत पुण्याला गेले, तपासायला द्यायला.”

“भांडण झालं होतं ना?”

“झालं व्हतं की. त्याच दिवशी मिटलं बी.”

टेम्पोवाल्याचा फोन बंद. प्लॉटवरची भोकं वीतभर रुंदीची. त्यात माणूस मावणार नाही हे मला दिसत होतं, पण ठाण्यात परतल्यावर बाईंना ते सांगायला जीभ रेटेना. “न सांगता ते गाव सोडायचे नाहीत,” एवढंच त्या म्हणत होत्या. पुण्याच्या वाटेवरच्या सगळ्या ठाण्यांना मी कळवलं आणि वाट बघत बसलो.

त्या बसण्यात एक गोष्ट मनाशी पक्की झाली. त्या गृहस्थांनी शब्द बरोबर ऐकले होते. चुकलो ते आपण सगळे अर्थ लावताना. त्यानंतर कुणाचाही जबाब घेताना मी विचारू लागलो, ‘तुमच्या कामात ह्याला काय म्हणतात?’

दुपार कलल्यावर फोन आला. वाटेतल्या एका ठाण्याचे जमादार बोलत होते.

“टेम्पोचा पाटा तुटलाय. तुमचा माणूस धडधाकट आहे, साहेब. मातीचा नमुना भरलेली एक नळी मांडीवर घेऊन बसलाय, खाली ठेवायलाच तयार नाही. हादरा बसला तर माती बाद होते म्हणे. मोबाईलसुद्धा मीच त्याच्या कानाला धरलाय. बोला.”

मी फोन बाईंच्या हातात दिला. इतका वेळ आवरलेलं रडू तेव्हा कुठं फुटलं.

पलीकडून आवाज आला, “अगं, रडू नको. तू रडलीस की मी हलतो.”