पंचफुलाबाईंची बोट आणि चिंचोक्याची खळ

पंचफुलाबाईंना पालीची किळस नव्हती, झुरळाची नव्हती. मेलेला उंदीर त्या शेपटीला धरून उकिरड्यावर टाकून येत आणि हात धुऊन जेवायला बसत. त्यांना शिसारी यायची ती चुन्याची. पानाला लावायच्या नव्हे, भिंतीला फासायच्या.

तेलंगणातल्या मुधोळच्या ज्या सरकारी शाळेत त्यांनी मराठी माध्यमाच्या मुलांना उभी हयात गणित शिकवलं, तिथं दरवर्षी तपासणीचा मुआयना व्हायचा. आदिलाबादहून साहेब येणार असं कळलं की भिंतींच्या भोकांत जुनी वर्तमानपत्रं कोंबायची, वरून चुन्याचा हात मारायचा. कच्च्या पोरांना त्या दिवशी घरी राहायला सांगायचं. साहेब खुर्चीत बसून चहा प्यायचे आणि भिंती किती छान म्हणायचे. पावसाळ्यात तोच कागद फुगून, लिबलिबीत होऊन मुलांच्या डोक्यावर पडायचा. बाईंनी तक्रार केली की कोणताही हेडमास्तर एकच शब्द सांगायचा, 'परवालेदु'. तेलुगूत याचा अर्थ काही हरकत नाही, चालून जाईल. आपल्या मराठी लोकांनीही तो असा आवडीनं उचलला, जणू आपलं 'चालते' पुरत नव्हतं.

बाईंची आई लोकांच्या कपाशीत निंदायला जायची. त्या वस्तीतून शिकलेली पहिली मुलगी म्हणजे पंचफुला. नांदेडला राहून, एकवेळ जेवून बी.एस्सी. झाली. लग्न केलं नाही. एक शिक्षक बघायला आला होता, शिकलेला, बोलका. पण त्याच्या केसांचा कलप घामानं कॉलरवर उतरला होता. बाईंनी कॉलरकडे बघितलं आणि चहाचे कप उचलून आत गेल्या. झालं. पुढं धाकटा भाऊ बाबाराव, तहसील कचेरीतला अटेंडर, बायको वारल्यावर बहिणीकडेच राहायला आला. बाबाराव स्वभावानं लोणी. तंबाखू मळायचा, सगळ्यांशी गोड बोलायचा, आणि त्याच्याही तोंडी दिवसातून दहादा परवालेदु.

बाबारावचा मुलगा खुशाल विशाखापट्टणमला जहाजांच्या कारखान्यात फिटर होता. बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी एप्रिलच्या जयंतीला तो गावी आला तो एक चपटं खोकं घेऊन. दुरुस्तीला आलेल्या परदेशी जहाजावरच्या इंजिनियरनं त्याला दिलं होतं. खोक्यावर दोन डोलकाठ्यांच्या बोटीचं चित्र. आत बोटीचा लाकडी कणा, त्यात उभ्या अडकवायच्या बरगड्या, आणि अंगाला बसवायच्या पातळ लाकडी पट्ट्यांची जुडी. सोबतचा कागद कुठल्या तरी अगम्य भाषेत. त्यातली चित्रं तेवढी उपयोगाची.

"आत्या, मले इतका दम नाही," खुशाल म्हणाला. "हे काम हिशेबाचं हाय. तुलेच जमन."

बाईंनी ते खोकं ठेवून घेतलं. का, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण आपल्याला कळायला हरकत नाही. वर्ग घडवावा तर तो जूनमध्ये दुसऱ्याच्या हाती जातो आणि त्यावर दुसऱ्याचा चुना बसतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत आपली म्हणावी अशी एक वस्तू बाईंच्या हातून झाली नव्हती. ही बोट पाण्यावर सरळ उभी राहिली पाहिजे, चुना न लावता. एवढंच हवं होतं.

काम खरोखर हिशेबाचं निघालं. बोटीचं पोट रुंद, नाक अरुंद, पट्ट्या मात्र सगळ्या एका मापाच्या. तशाच चिकटवत गेलं तर नाकाशी पोचेपर्यंत त्या एकमेकींच्या अंगावर चढतात. म्हणून पोटाचा घेर मोजायचा, नाकाचा मोजायचा, पट्ट्यांच्या संख्येनं भागायचं आणि प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती तासायची. बाई भागाकार करत, ब्लेडनं तासत. मग पट्टी गरम पाण्यात भिजवायची, उकळत्या किटलीच्या पोटावर दाबून वाकवायची, गोंद लावून बरगड्यांवर बसवायची आणि सुकेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायची. घरातले सगळे चिमटे बोटीला लागले. बाबारावचं धोतर दोरीवरून उडून शेजारच्या म्हशीच्या शिंगात अडकलं, तेव्हा गल्लीला कळलं की बाई काहीतरी करून राहिल्यात.

आणि इतक्या हुशार बाईनं चूक केली ती शेतमजुराच्या लेकीची. निंदायला बसलं की आई सांगायची, एकदा ओळीची पात धरली की ती बांधापर्यंत न्यायची, मध्ये उठून दुसरी धरायची नाही. बाईंच्या हाडात ते मुरलेलं. त्यांनी उजवी बाजू धरली ती कण्यापासून काठापर्यंत पुरी करूनच मान वर केली. बाजू अशी देखणी झाली होती की बाई दोन दिवस नुसत्या तिच्यावरून बोट फिरवत होत्या. मग एका सकाळी त्यांनी बोट नाकासमोर धरली आणि एक डोळा मिटून बघितलं. कणा काकडीसारखा वाकला होता. ओल्या पट्ट्या सुकताना आक्रसतात, ओढतात. एकाच बाजूनं ओढलं आणि पलीकडून धरायला कोणी नसलं तर कणा काय करणार? एक पट्टी इकडे, एक तिकडे, असं करायचं असतं. कागदावरच्या चित्रात तसे आकडेही घातले होते, एक उजवीकडे, दोन डावीकडे. गणिताच्या बाईंनी आकडे बघितले होते आणि आईचं ऐकलं होतं.

त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. बाबारावला वाईट वाटलं. त्यानं तंबाखू मळत तोडगा काढला.

"अक्का, निर्मल गावच्या रंगाऱ्याले देऊन टाकू. थे खेळणेवाले चिंचोक्याची खळ भरतेत, भुसा कालवून. वरून पांढरी माती, वरून सोनेरी रंग. वाकलं-चुकलं कोनाले दिसत नाही."

"मले दिसन," बाई म्हणाल्या.

त्यांनी किटली उचलली, त्या देखण्या बाजूवर उकळतं पाणी ओतलं आणि पट्ट्या एकेक करून सोलून काढल्या. कणा ओला करून पाट्याखाली दाबून ठेवला. आठवडाभर घरात चटणी वाटली गेली नाही, बाबाराव मुकाट्यानं लोणच्याशी जेवला. कणा सरळ झाला. निदान बाईंना तसं दिसलं, आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता.

दुसऱ्या खेपेला मात्र एक पट्टी इकडे, एक तिकडे. खुशालनं कारखान्यातला दोन नळ्यांचा गोंद पाठवला होता, पाण्यानं न सुटणारा. ज्या पट्ट्या सोलताना मोडल्या त्या बाईंनी पुनिकीच्या लाकडाच्या करून घेतल्या. निर्मलची खेळणी याच हलक्या लाकडाची होतात. त्या गावाकडून बाईंनी घेतलं ते एवढंच. विजयादशमीच्या सुमारास शेवटची पट्टी बसली. कुठं नख घालायला फट नव्हती.

तेवढ्यात सुधाकरराव आले. हे त्याच शाळेचे आताचे हेडमास्तर, आणि एके काळचे बाईंचेच विद्यार्थी. शाळेत विज्ञानाची नवी खोली झाली होती, हैदराबादहून मोठे पाहुणे उद्घाटनाला यायचे होते आणि दाराशी काचेचं कपाट रिकामं होतं. त्यांनी बोट बघितली आणि कपाटासाठी मागितली. बाई म्हणाल्या, अजून पाण्यात घातलेली नाही. पाण्यावर सरळ उभी राहिली तर घेऊन जा. आधी डोळा करून येते.

डोळ्यासाठी त्या नांदेडला भाचीकडे गेल्या. काळा चष्मा लावून परतल्या तेव्हा बाबाराव दारातच उभा होता, लग्नघरासारखा हसत. टेबलावर काहीतरी लखलखत होतं. बाईंना वाटलं चष्म्याचा दोष. त्यांनी चष्मा काढला.

बोट सोनेरी झाली होती. नाकावर कमळ, पोटावर दोन्हीकडे हिरवे पोपट, काठानं लाल वेलबुट्टी. सुधाकररावांनी स्वतः निर्मलला नेऊन करवून आणली, बाबाराव सांगत होता. रंगाऱ्यानं किती मन लावून केलं, गल्लीतल्या बाया बघून गेल्या, तहसीलदारांची मंडळीसुद्धा येऊन गेली, सगळ्यांनी विचारलं ही खरंच तुमच्या बहिणीनं केली का. बाईंनी पोपटाच्या पोटात नख घातलं. रंगाचा पापुद्रा निघाला, त्याखाली पांढरी माती आणि त्याखाली खळ. नखात अडकलेला लगदा त्यांनी नाकाशी नेला. चिंचोका, भुसा आणि काहीतरी आंबलेलं. भोकात कोंबलेल्या ओल्या कागदाचा वास असाच असायचा.

सगळ्यात शिसारी कशाची आली असेल तर याची, की जिथं फट नव्हती तिथंही भरलं होतं. बोट चांगली होती की वाईट, हे बघायचीसुद्धा कोणाला गरज वाटली नव्हती. भरायचं म्हणजे भरायचं.

परसात सिमेंटची टाकी होती. बाईंनी रंगाचे पापुद्रे ठिकठिकाणी खरवडले, बोट टाकीत बुडवली, वर ओलं पोतं टाकलं आणि पोत्यावर दगड ठेवला.

"अक्का, काय करून राह्यली वो?" बाबारावचा आवाज रडवेला झाला होता.

"आंघोळ घालून राह्यली."

खेळणं कधी पाण्यात जात नाही, म्हणून चिंचोक्याच्या खळीनं तिथं कोणाचं काही बिघडत नाही. पण बोटीला खळ लावायची म्हणजे अंगणातल्या रांगोळीवर टाकी उपडी करण्यातला प्रकार. रात्रीतून खळ फुगली. सकाळी टाकीतलं पाणी ताकासारखं झालं होतं, वर सोनेरी कातडी तरंगत होती आणि एक पोपट सुटून काठाला चिकटला होता. दुपारपर्यंत घाण सुटली. बाबाराव नाकाला धोतर लावून बसला, पण आत गेला नाही. त्याला बहिणीच्या चेहऱ्याची काळजी वाटत होती.

उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. सुधाकरराव स्कूटरवरून आले, बोट गुंडाळायला कोरा टॉवेल घेऊन. परसात येऊन त्यांनी टाकीत बघितलं आणि टॉवेल तोंडाला लावला. बाई नारळाच्या शेंडीनं बोटीची उरलेली माती घासून काढत होत्या. खालून लाकूड निघालं, भिजून गडद झालेलं, पट्टीला पट्टी लागलेली. एकही सुटली नव्हती. बाईंनी बोट आतून पुसली, टाकीतलं घाण पाणी मोरीत सोडून नवं भरलं. या सगळ्या वेळात हेडमास्तर उभेच होते. बाईंसमोर न सांगता बसायची सवय त्यांना नव्हती. मग बाईंनी बोट पाण्यावर ठेवली आणि हात काढून घेतला.

बोट तरंगली. आत एक थेंब आला नाही. आणि मग सावकाश, कोणी हाक मारल्यासारखी, ती डावीकडे कलली आणि तशीच राहिली.

बाईंनी तिचं नाक पलीकडे वळवून ठेवलं, पुन्हा बोटीच्या डावीकडेच. त्यांनी बोट उचलून नाकासमोर धरली, चांगल्या झालेल्या डोळ्यानं बघितलं. पाट्याखाली सरळ झालेला कणा मागच्या टोकाशी अजूनही जरासा पिळलेला होता. मोतीबिंदूला दिसला नव्हता.

"एवढंच ना बाई," सुधाकरराव समजुतीनं म्हणाले. "आत उजवीकडं एखादा गोटा ठेवून देऊ. वरून झाकण बसलं की कोण बघते? परवालेदु."

बाईंनी बोट काठावर ठेवली आणि पदराला हात पुसले.

"सुधाकर, सातवीत तुला भागाकार येत नव्हता. उत्तरं पाठ करून आला होतास. आठवते का?"

"हो, बाई."

"किती गुण दिले होते मी?"

सुधाकररावांनी बाबारावकडे बघितलं. बाबाराव मोरीकडे बघत होता.

"शून्य."

"मग या बोटीलाही तेवढेच. शून्याची वस्तू कपाटात लावायची नसते. जा आता. तुझा टॉवेल खराब होईल."

ते गेले. कपाटात दुसऱ्या दिवशी निर्मलचे लाकडी पोपट बसले, पाहुण्यांनी त्यांचं कौतुक केलं आणि नव्या भिंती किती छान म्हणून ते जेवायला गेले. विज्ञानाच्या खोलीत पोपट कशाला, हे कोणी विचारलं नाही.

बाबाराव संध्याकाळभर बहिणीच्या मागं मागं होता. आपण चांगल्यासाठीच केलं, असं त्यानं दोनतीनदा सांगून बघितलं. बाई म्हणाल्या, तुझ्यावर राग नाही, तुझ्या हातावरच्या चुन्यावर आहे, हात धुऊन ये. तो धुऊन आला तेव्हा त्यांनी जुना पेपर जमिनीवर पसरला, त्याला कागदाची दोन्ही टोकं धरायला लावली आणि मूळच्या चित्रावरून कण्याचा आकार पेन्सिलीनं उतरवून घेतला.

सकाळी दोघं लाकडाच्या अड्ड्यावर गेली. नव्या कण्यासाठी सागवान हवं होतं, हातभर, चांगलं वाळलेलं. अड्ड्यावरच्या माणसानं एक तुकडा काढून दिला. बाईंनी तो नाकासमोर धरला, एक डोळा मिटला. टोकाला लाकडाचा धागा किंचित वळला होता.

"परवालेदु अम्मा," तो म्हणाला.

बाईंनी तुकडा खाली ठेवला.

"दुसरा दाखव."