सासऱ्यांचा सहाचा आकडा

माझ्या सासऱ्यांइतका खोटारडा पेशंट शिरूर तालुक्यात दुसरा झाला नसेल, आणि इतक्या गोडीनं खोटं बोलणारा तर मुळीच नाही. निमोण्यात बांधावरून पडून मामांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि पुन्हा चालायला शिकवण्यासाठी त्यांना शिरूरला आणलं ते नेमकं मी फिजिओथेरपिस्ट आहे त्याच केंद्रात. तिथं तेव्हा एका नव्या फॉर्मची चाचणी चालू होती. एकाच पेशंटला मी आणि आमच्या सिस्टरनी वेगवेगळं तपासायचं, एक ते सहा गुण द्यायचे. दोघांचे जुळले तर फॉर्म पास. नात्यातला पेशंट आपण तपासू नये हे मला कळत होतं, पण तपासणारे होतो दोघंच.

मामांनी त्या फॉर्मची पार वाट लावली. कुठं दुखतं असं सिस्टरनी विचारलं की मानेपासून अंगठ्यापर्यंत यादी, मी विचारलं की, "काय न्हाय पाव्हणं, झ्याक हाय." तीन शब्द लक्षात ठेवायला दिले तर तिन्ही सांगून वर म्हणाले, "चवथा हाय का?" खरा घोळ खुर्चीतून उठण्याचा. सिस्टरसमोर दोघांनी धरल्याशिवाय हलत नसत, आणि मी दारात दिसलो की ताडकन उभे! जावई आला आणि सासरा बसून राहिला, असं त्यांच्या घराण्यात घडलेलंच नव्हतं. सिस्टरचा एक, माझा सहा. "तुमच्यातलं झोपेत कोण असतं?" अशी वरून विचारणाही झाली.

मग मी एकदा खिडकीआड लपलो आणि सिस्टरना ओरडायला लावलं, "जावई आले बरं का!" मामांनी दातावर दात दाबले, खुर्चीशेजारच्या कॉटचा गज आवळला, कण्हत कण्हत उठले, घाम पुसला आणि दाराकडं तोंड करून हसू आणलं. मी आत जाऊन चिडलोच, "मामा, पडाल ना! कशापायी हे?"

"कमी मार्क पडलं म्हंजी तुम्ही मला निमोण्याला एकट्याला ऱ्हाऊ देणार न्हाई," ते म्हणाले. "मंग दौंडला तुमच्या घरी. लेकीच्या दारात कवा वस्तीला राह्यलो न्हाई ओ."

मी सहाचे दोन केले. मामा दौंडला आले. लेकीचा चहा फुकट नको म्हणून आठवड्याचा लसूण एका दुपारी सोलायचे, आणि माझ्या गाडीचा आवाज आला की उभे. "अहो बसा की!" म्हणून मी रोज डाफरायचो.

गेल्या आठवड्यात घरी आलो तेव्हा मामा खुर्चीतच होते. हात खुर्चीच्या दांडीकडं गेला आणि तिथंच राहिला. "या पाव्हणं," एवढं म्हणून ते खाली बघत लसूण सोलू लागले. बायको म्हणाली, "बसा ना, चहा टाकते."

मला काही बसवेना.