देवापुढची गोळी

पल्लवी थकली होती, आणि थकलेय हे सांगायचाही तिला कंटाळा आला होता. अंबडच्या कारखान्यात दिवसभर वायरिंग तपासायचं, पंचवटीत परतून जिना चढायचा, की चप्पल काढायलाही जीव उरायचा नाही. पाचवा महिना चालू होता. मागचं बाळ तिसऱ्यातच गेलं, म्हणून हे तरी सुखरूप हाती यावं, एवढंच तिचं मागणं. थायरॉईडची गोळी ती एक दिवसही चुकवत नव्हती. म्हणजे सासूबाई चुकवू देत नव्हत्या.

अनसूयाबाईंचं घर पुजाऱ्यांचं. त्यांच्याकडे काहीही असो, आधी देवाला, मग पोटात. पहाटेची पूजा झाली की थायरॉईडची, आयर्नची, कॅल्शियमची, सुनेच्या झाडून सगळ्या गोळ्या चांदीच्या वाटीत देवापुढे जायच्या आणि मग केशराच्या दुधाबरोबर एकदमच तिच्या हातावर यायच्या. देवानेही कधी हरकत घेतली नाही!

थायरॉईडच्या रक्ततपासणीचे आकडे मात्र उतरेनात. डोस वाढवला, तरी तेच. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळी घेता कशाबरोबर?" पल्लवीने वाटीची हकिकत सांगितली. बाईंनी कपाळाला हात लावला.

"अहो, दूध, आयर्न, कॅल्शियम सोबत असलं तर ही गोळी नीट अंगी लागत नाही. ही एकटी घ्यायची, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याने. चहा-नाश्ता तासाभराने. बाकीच्या गोळ्या चार तासांनी. आणि मनाने डोस बदलायचा नाही, बंद तर नाहीच. महिन्याने पुन्हा रक्त तपासू."

रिक्षात पल्लवीला संताप आला. पण रागवायचं कुणावर? तिच्यासाठी पहाटे उठून केशर खलणाऱ्या बाईवर? रागवायला लागतं तेवढं त्राणही तिच्यात नव्हतं.

संध्याकाळी तिने सगळं सांगितलं. अनसूयाबाई ऐकत राहिल्या, मग हळूच म्हणाल्या, "मागच्या वेळीही मीच द्यायचे ना गं, दुधाबरोबर?"

"आई, ते कशाने गेलं हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही." हे खरंच होतं, पण त्याने दोघींचंही समाधान झालं नाही.

सकाळी पल्लवीने डोळे उघडले, तर उशाशी अनसूयाबाई उभ्या. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळहातावर एकच गोळी. देवघरात अजून दिवा लागला नव्हता.

"आधी ही घे," त्या म्हणाल्या. "देव थांबेल."