फक्कीतलं घर

बीड जिल्ह्यात घरं बांधणारे पुष्कळ आहेत, पण स्वतःचं एकही न बांधता सगळ्यांत जास्त घरांत राहून आलेला माणूस एकच, आणि तो म्हणजे आमचे थोरले साडू. घरांचे नकाशे काढणं हा त्यांचा पेशा. पण नुसत्या रेघांवर त्यांचा भरवसा नाही. "भाकरीचं चित्र दाखवून पोट भरतं का?" असं म्हणून ते प्रत्येक गिऱ्हाइकाला पुठ्ठ्याचं लहानसं घर करून देतात. जुन्या एक्स-रेच्या खिडक्या, वाळलेल्या दोडक्याच्या जाळीची झाडं, आणि घरात जेवढी माणसं तेवढ्या आगपेटीच्या काड्या, गुलासकट. मग पालथे पडून, एक डोळा मिटून दारातून आत बघत राहतात. तेवढ्यात जेवायला हाक मारली तर उत्तर येतं, "थांब, जिन्यात हाय."

गिऱ्हाईक येतं ते कमानी आणि खांब मागायला. हे विचारतात, "म्हातारी सांजच्याला कुठं टेकती?" त्यावर सगळं घर फिरतं. चौसाळ्याच्या एका दुकानदाराला त्यांचं पुठ्ठ्याचं घर इतकं आवडलं, की त्यानं ते देवघरात ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि समोर नारळ फोडला. नारळाचं पाणी गच्चीवर सांडलं, पुठ्ठा मऊ पडून मधोमध खचला. गवंड्यानं विचारलं, "गच्चीला खड्डा कावून?" दुकानदार म्हणाला, "सायबांनी काढलंय तसंच करायचं." शेवटी साडूंना बोलावणं गेलं. ते आपले बराच वेळ आत डोळा घालून बसले आणि म्हणाले, "तसं वाईट न्हाई. पावसाचं पाणी एका जागी गोळा होईल." गवंड्यानं कपाळावर हात मारला आणि गच्ची सरळ केली.

साडूंचा स्वतःचा प्लॉट गावाबाहेर कधीपासून पडून आहे. त्यावरच्या घराची पुठ्ठ्याची रूपं भाड्याच्या दोन खोल्यांत इतकी साठली, की पाहुणा आला की आधी पलंगावरून एखादा बंगला उचलावा लागे. घोडं अडायचं ते एकाच काडीपाशी. ती काडी म्हणजे आक्का, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिच्या काडीला ते जुन्या साडीची चिंधी गुंडाळत, स्वयंपाकघराच्या खिडकीशी चिकटवत, आणि दुसऱ्या दिवशी म्हणत, "इथं तुला ऊन लागंल." की नवा पुठ्ठा. एवढ्या मायेनं कुणी कुणाला बेघर ठेवल्याचं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

यंदा मात्र आक्काचे गुडघे फारच दुखायला लागले. एक दिवस ती भाकऱ्या थापता थापता शांतपणे म्हणाली, "मला कुठंबी बसवा, पर खरं बसवा. पाय चालतेत तवर एकदा माझा उंबरा वलांडू द्या." साडू त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं प्लॉटवर गेलो. टेपचं एक टोक मी धरलं आणि त्यांनी चुन्याची फक्की टाकत जमिनीवर खोल्या आखल्या.

उन्हं कलली तेव्हा ते लांब जाऊन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा पडला. आखलेलं घर मोकळ्या रानात नेहमीच लहान दिसतं, हे ते आयुष्यभर लोकांना समजावत आले होते. स्वतःला मात्र त्यांना समजावता येईना. "लई बारकं दिसतंय. परत काढतो," असं म्हणून ते पायानं रेघ पुसायला निघाले.

तेवढ्यात कडेला बसलेली आक्का उठली. रेघेत दारासाठी जागा सोडली होती, तिथं तिनं चपला काढल्या. पदर सावरून आत शिरली, बैठकीतून वळून स्वयंपाकघरात गेली आणि मातीवर हळूच टेकली. वारा सुटला होता. तिनं समोर पाहिलं, जणू तिथं खिडकी होतीच.

"आता पुसू नका," ती म्हणाली. "मी बसले."

साडू बाहेरच उभे होते, सवयीनं एक डोळा मिटून.

"आत या की. दार उघडंच हाय."

त्यांनी चपला काढल्या, तिच्या चपलांशेजारी नीट लावल्या आणि दारातून आत गेले. मी स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे उभा होतो. एक पाऊल टाकलं असतं तर आत पोचलो असतो, पण माझा पाय उचलेना. मग मी सगळ्या घराला वळसा घालून दाराशी आलो.

आता तिथं पाया खणून झालाय, भिंती कमरेइतक्या आल्यात. घर चांगलंच होणार. तरी तिकडून जाताना मला वाईट वाटतं, की ती पांढरी रेघ आता कुठेच दिसत नाही.