अप्पांचा हात का थांबला

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मराठीतून तर मी शाळाही शिकलो नाही. शाळा कन्नडमधून, कॉलेज इंग्रजीतून. मराठी फक्त घरात, जेवताना आणि भांडताना. आमचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी बेंगळुरूला आले म्हणतात. तेव्हापासून तोंडात राहिलेली ही भाषा ऐकून पुण्याहून आलेले माझे वर्गमित्र हसतात. तेव्हा शब्द चुकला तर सांभाळून घ्या. दुसरी माफी मोठी आहे. माणूस असं का वागतो हे सांगण्याइतका मी कुणी नाही. बी.ए.ला मानसशास्त्र शिकतो, एवढंच. पण ज्यांच्या वागण्याचा अर्थ लावायला मी धडपडलो, ते माझे वडील आहेत. म्हणून लिहितो.

अप्पा शिंपी. चिकपेटच्या मागच्या एका गल्लीत रस्त्याकडची खोली म्हणजे दुकान आणि पडद्यामागे घर. काम बायकांच्या ब्लाउजचं. आमच्या धंद्यात जो कापतो तो मास्तर आणि जो शिवतो तो कारागीर. अप्पा दोन्ही करायचे, पण गल्लीत त्यांना सगळे मास्तरच म्हणायचे. माप मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. ते आईचं काम. पडद्याआड गिऱ्हाईक बाईला उभं करून आई टेप लावायची आणि आकडे मोठ्यानं सांगायची. अप्पा बाहेर ते ऐकत कापडावर खडू ओढायचे. दोघांचं दिवसभराचं बोलणं बहुतेक आकड्यांचंच. "गळा सात." "पुढचा की मागचा?" "मागचा. पुढचा सात इंच खोल ठेवलात तर सासू घरात घेईल का तिला?" आणि पडद्यामागे ती बाई आणि आई दोघी हसायच्या.

आई गेल्या वर्षी गेली. पोटाचा आजार होता, कळला तेव्हा उशीर झाला होता.

दिवसकार्य झाल्यावर अप्पांनी दुकान उघडलं. जुन्या ओळखीच्या बाई कापड आणि मापाचा एक ब्लाउज घेऊन आल्या. अप्पांनी कापड टेबलावर पसरलं, घडी घातली, खडूनं आखलं, कात्री हातात घेतली. खालचं पातं कापडाखाली सरकवलं आणि तसेच उभे राहिले. मी पडद्याशी चहा घेऊन उभा होतो. चहावर साय धरली. मग त्यांनी कात्री बाजूला ठेवली, कापड नीट घडी करून पिशवीत घातलं आणि म्हणाले, "उद्या."

उद्याही तसंच झालं. परवाही. शिवणं जमत होतं. दुसऱ्यानं कापलेलं कापड दिलं तर ते मशीनवर नेहमीसारखे भरभर शिवायचे. फक्त कापायचं म्हटलं की हात थांबायचा. शेवटी ते पलीकडच्या दुकानातून कापलेले तुकडे आणून शिवून द्यायला लागले. तिथला एक जण एकदा म्हणालाच, "काय मास्तर, आता कारागीर झाला होय?" अप्पा हसले. ते हसले म्हणून मला जास्त लागलं.

हात का थांबतो याचं कारण सगळ्यांना माहीत होतं, आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. आत्या म्हणाली, "हाताला दृष्ट लागली रे. मीठ-मोहऱ्या उतरवून टाक." समोर लेस-बटणं विकणारे म्हातारे कन्नड मामा म्हणायचे, "स्वल्प दिवस जाऊ देत. सरी होतं सगळं." सरी म्हणजे ठीक. पलीकडच्या दुकानातल्यांचं म्हणणं, रेडिमेड ब्लाउज आल्यापासून मास्तरांचं मनच उडालं होतं, वहिनी गेल्याचं फक्त निमित्त झालं.

त्याच सुमारास मॅडमनी वर्गात काम दिलं. ओळखीच्या एका माणसाचं एक वागणं घ्या, आणि मानसशास्त्रातला कुठला दृष्टिकोन ते सगळ्यात नीट समजावतो ते ठरवा. एकच निवडायचा. "सगळेच थोडे थोडे खरे असं लिहिलंत तर शून्य," मॅडम म्हणाल्या. "ते तर माझी आजीपण सांगेल." वर्ग हसला. कुणी फोन न सोडणारा भाऊ घेतला, कुणी सोडून गेलेली मैत्रीण. मी अप्पा घेतले. दुसरं काही माझ्या डोक्यातच नव्हतं.

खरं सांगतो, मला मार्कांसाठी निवडायचं नव्हतं. मला वाटलं, पुस्तकात एवढी मोठमोठी माणसं एवढं लिहून गेलीत, त्यातल्या एकाचं तरी आमच्या दुकानाला लागू पडेल. कारण सापडलं की अप्पा परत कापतील. इतकं सोपं वाटलं होतं.

इथं मला एक गोष्ट सांगावी लागेल. आई सवाष्ण गेली. तिला हिरवी साडी नेसवायची होती. सासरहून, आनेकलहून, अक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, यायला वेळ होता. बायका म्हणाल्या, असेल तो ब्लाउज घालू. अप्पा म्हणाले, नव्या साडीवर नवाच पाहिजे. त्यांनी हिरवं कापड काढलं, पसरलं आणि कापलं. माप सांगायला कुणी नव्हतं. त्यांना आईचं माप पाठ होतं, लग्नापासूनचं. तिथंच मशीनवर बसून शिवलंही. मग बायकांनी आत नेलं, आणि थोड्या वेळानं आत्या बाहेर येऊन हळूच म्हणाली, "घरात सेफ्टी पिन आहेत का रे?" आजारात आई अर्धी राहिली होती. ब्लाउज पाठीत मुठीएवढा सैल झाला होता. अप्पांनी ते ऐकलं. स्वतः उठून त्यांनीच डबीतून पिना काढून दिल्या.

आता बघा, पुस्तक उघडलं की यातलं प्रत्येक पान आमच्यावर बसतं. वर्तनवाद म्हणतो, कापलं आणि लगेच चटका बसला, म्हणून हात आता कापडापासून दूर राहतो. मनोविश्लेषण म्हणतं, आई वाळत चाललीय हे अप्पांनी स्वतःच्या मनालाही कळू दिलं नव्हतं, जुन्या मापात ती अजून धडधाकट होती. ते झाकलेलं त्या दिवशी उघडं पडलं. बोधात्मक दृष्टिकोन म्हणतो, आपलं माप चुकतं असा विचार डोक्यात बसलाय, तो तपासायला हवा. मानवतावाद म्हणतो, ज्याला मास्तर म्हणून मान होता त्याला स्वतःचीच किंमत वाटेनाशी झालीय. आणि जैविकवाले म्हणतील, आधी माणसाला डॉक्टरकडे न्या. तेही केलं. डॉक्टरांनी डोळे पाहिले, हात पुढे धरायला लावले, आणि वयाच्या मानानं उत्तम आहे म्हणाले.

मी वर्तनवाद निवडला. तो सगळ्यात खरा वाटला म्हणून नाही. बाकीचे सगळे असं का झालं ते सांगत होते. हा एकटाच उद्या सकाळी काय करायचं ते सांगत होता. भीती वाटते त्या गोष्टीकडे लहान लहान पावलांनी न्यायचं, आणि प्रत्येक पावलाला शाबासकी द्यायची.

सकाळी मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि पेन्सिलनं ब्लाउजच्या पाठीचा आकार काढला, जमेल तसा.

"हे काय?" अप्पा म्हणाले.

"कापा की."

"मी काय बालवाडीत आहे होय रे?"

"माझ्या अभ्यासाला पाहिजे, अप्पा."

अभ्यासाला म्हटलं की आमच्या घरात कुणी नाही म्हणत नाही. अप्पांनी माझ्या आकाराकडे पाहिलं, "या बाईला मान कुठं आहे?" म्हणाले, रेघ नीट केली आणि कापलं. सर्र आवाज आला. किती दिवसांनी ऐकला तो. मी टाळ्या वाजवल्या. ते माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघून आत गेले.

मग रोज. वर्तमानपत्रानंतर जुनी चादर, चादरीनंतर आईचं एक फाटकं परकर-कापड, पण ते त्यांनी घडी करून परत दिलं, तेव्हा मी चादरीवरच थांबलो. मी समोरच्या स्टुलावर बसायचो आणि बघत राहायचो, कारण निरीक्षणाशिवाय काही खरं नाही असं आम्हाला शिकवलंय. चेहरा कसा होतो, श्वास कुठं अडकतो. मी मापाच्या ब्लाउजवरून आकडेही मोठ्यानं सांगून बघितले. "गळा सात." अप्पा खडू धरून उभे राहिले. मी पुन्हा म्हटलं, "सात, अप्पा." ते म्हणाले, "ऐकू आलं."

एके दिवशी त्यांनी पांढरं कोरं अस्तर कापलं, अख्खं. मी धावत जाऊन कन्नड मामांना सांगितलं, त्यांनी मला बेसनाचा लाडू दिला. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या आशेनं एका गिऱ्हाइकाचं जांभळं रेशमी कापड पुढं ठेवलं आणि स्टुलावर बसलो. अप्पांनी कात्री उचलली. माझ्याकडे पाहिलं. ठेवली.

मी तसाच निबंध लिहून दिला. मॅडमना आवडला. त्या म्हणाल्या, "प्रयोग छान केलास. वडिलांशी बोललास का यावर?"

"रोज बोलतो, मॅडम."

"म्हणजे काय बोलतोस?"

आमच्यात वडिलांना असं काही विचारत नाहीत. जेवलात का, एवढं विचारतात. कुणाला आमचं घर कोरडं वाटेल. तसं नव्हतं ते. त्या वर्षात अप्पांनी माझ्या ताटात माझ्या नकळत किती वेळा स्वतःचं ऑम्लेट सरकवलं, ते मला माहीत आहे.

शेवटची परीक्षा जवळ आली तशी अक्का आनेकलहून आली. तिनं घर पाहिलं, ओट्यावरची भांडी पाहिली, आम्हाला दोघांना पाहिलं.

"आरसा आहे का घरात?" ती म्हणाली. "दोघं एकमेकांकडं बघून बघून वाळत चाललात. अप्पांना मी घेऊन जाते, तुझी परीक्षा होईपर्यंत."

"आणि दुकान?"

"दुकान काय पळून जातंय का? चल रे, त्यांच्या लुंग्या कुठं आहेत सांग."

बसमध्ये चढताना अप्पा मला म्हणाले, "नीट लिही." आणि खिडकीतून, "गॅस बंद करत जा." बस सुटल्यावर मला इतकं रडू का आलं ते कळलं नाही. काही दिवसांचाच तर प्रश्न होता.

फोन व्हायचा. "जेवलास?" "हो. तुम्ही?" "झालं. पेपर लिहिलास?" "लिहिला." "सरी." आणि फोन अक्काकडे. तिला विचारलं की ती म्हणायची, "बरे आहेत. तू अभ्यास कर." आवाजात घाई असायची. मला वाटायचं, अप्पांचं बिघडलंय आणि ही लपवतेय. पुस्तकापुढं बसून मी तेच तेच पान वाचायचो.

शेवटच्या पेपरात तोच प्रश्न आला. मानवी वर्तन सगळ्यात चांगलं कोणता दृष्टिकोन समजावतो, उदाहरणासह लिहा. मी पुरवण्या घेऊन लिहिलं. एक शिंपी आहे असं सुरू केलं. लिहिता लिहिता वाटलं, संध्याकाळच्याच बसनं जावं, अप्पांना घेऊन यावं, आणि पुन्हा वर्तमानपत्रापासून सुरुवात करावी. आता मला भरपूर वेळ होता.

कॉलेजच्या फाटकाबाहेर येऊन मी अक्काला फोन केला.

"झाला पेपर?" तिनं विचारलं. "सगळे झाले ना? नक्की?"

"झाले. मी येतोय अप्पांना न्यायला."

अक्का म्हणाली, "अप्पा कापायला लागले रे."

मी रस्त्यातच ओरडलो. एक रिक्षावाला वळून बघायला लागला. "काय? कधी?"

"इथं आल्यावर लगेचच. माझ्या धाकटीचा शाळेचा परकर शिवायचा होता. मी कापड टाकून ठेवलं होतं. दुपारी उठून बघते तर कापून ठेवलेला. आता शेजारच्या बायका येतात, फॅक्टरीतल्या. ओसरीवर मशीन टाकलंय तुझ्या दाजींनी. हसतात, बोलतात."

"मग सांगितलं का नाहीस मला? मी इथं वेड्यासारखा..."

"परीक्षा होती तुझी. आणि अप्पाच म्हणाले, इतक्यात सांगू नको."

"का पण?"

मागं मशीनचा आवाज येत होता. तो थांबला, पुन्हा सुरू झाला. अक्का फोन घेऊन बाहेर गेली असावी, कारण तो आवाज बारीक होत गेला.

"ते परत येणार नाहीत रे," ती म्हणाली. "दुकान सोडून द्या म्हणतात. तू रागावू नको. मी खूप सांगितलं. म्हणतात, तिथं पोरगा समोर बसून माझ्याकडं बघत राहतो, मग हात उचलत नाही."