चौथा माणूस

शुक्रवार पेठेतल्या त्या गल्लीत वीरभद्रप्पा येताना दिसला की बायका पदर तोंडाला लावत. लाजेनं नव्हे, हसू लपवायला. म्युनिसिपालिटीच्या आगीच्या बंबावरचा हा मुकादम. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि तोंडी एकच पालुपद: "वाट मोकळी ठेवा."

मोकळी राहते कुठली! गल्ली विणकरांची. सकाळच्या गारव्यात घराघरापुढं सुताचा लांबलचक ताणा लाकडी घोड्यांवर ताणायचा, खळ लावायची, कुंचा फिरवायचा. ऊन चढेस्तोवर सगळी वाट सुतानं अडलेली. घरोघरी माळ्यावर सुताचे गठ्ठे. ठिणगी पडली तर बैलांनी ओढायचा बंब शिरणार कुठून?

ताणे बंद करा म्हणणं म्हणजे चुली बंद करा म्हणणं. वीरभद्रप्पा विणकराच्याच पोटचा, त्याला का कळत नव्हतं? वर्षभर उंबरे झिजवून त्यानं दर ताण्याला चार माणसं नेमली, दोन या टोकाच्या काठीला, दोन त्या टोकाच्या. बंबाची घंटा झाली की ताणा उचलायचा नि भिंतीला लावून धरायचा. आपलं टोक सोडून दुसऱ्याच्या, नि नेमल्याशिवाय कुणाच्याच, ताण्याला हात लावायचा नाही, नाहीतर गोंधळ. महिन्यातून एकदा तालीम, बंब न आणता.

"काय अप्पा, आज आग कुटं लावायची ठरलीया?" ओट्यावरनं चन्नप्पा विचारी. गल्लीतला हा एकच गडी मागावर न बसणारा. पान खायचं नि लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या.

"तुज्या जिभेला," वीरभद्रप्पा म्हणे, नि पुढल्या दारी जाई. असल्या माणसाला काय नेमायचं!

वीरभद्रप्पाची विधवा बहीण सुंदरम्मा गल्लीच्या मध्यावर राही. तिच्या ताण्याला ती स्वतः आणि शेजारच्या दोघी. चौथ्यासाठी लोकांची दाढी धरून दमलेला वीरभद्रप्पा म्हणाला, "मी हाय की." सख्ख्या बहिणीसाठी आणखी कुणाचे पाय धरायचे?

सत्तावीस सालच्या वैशाखात, ऐन ताण्यांना खळ पाजायच्या वेळी गल्लीच्या शेवटच्या वखारीतून धूर निघाला. घंटा वाजली. आणि काय सांगावं, ज्यांनी वर्षभर खिदळत तालीम केली त्यांनी पटापट ताणे भिंतीला लावले! वीरभद्रप्पा बैलांची वेसण धरून पुढं धावत होता. मध्यावर आला नि थबकला.

तीन टोकं वर होती. चौथं घोडीवर.

"अण्णा, धर की!" सुंदरम्मा ओरडली.

धरणार कसा? धुरानं बिथरलेले बैल त्याच्या हातात. चौथा माणूस इथं, आणि बंबापुढंही तोच. वर्षभर एवढी माणसं मोजली, आपण एकच आहोत हे मोजायचं राहिलं. त्यानं कमरेचा कोयता काढला नि ताणा मधोमध कापला.

वखारीचं छप्पर गेलं. गल्ली वाचली.

संध्याकाळी तो सुंदरम्माच्या ओट्यावर तुटलेली टोकं गाठत बसला. दीड हजार धागे. डोळ्यांत पाणी येत होतं, धुरानं म्हणा. सुंदरम्मा एकेक टोक हातात देत होती.

समोरनं चन्नप्पा आला. आज पान नव्हतं तोंडात. "अप्पा, सकाळी मी हितंच उबा हुतो. दोन्ही हात रिकामे."

"मग धरलं का न्हाईस?"

"तुमीच म्हनला हुता, नेमल्याबिगर हात लावायचा न्हाय. मला कुनी नेमलं हुतं?"

वीरभद्रप्पानं पुढची गाठ मारली. तोडायला एक घाव, जोडायला आठवडा. उद्या पुन्हा सारे ताणे वाटेवर येणारच होते.

"चौथं टोक तुजं," तो शेवटी म्हणाला.

"ह्याच्या हातून ताणा पडंल," सुंदरम्मा बोलली. सकाळपासूनचे तिचे पहिले शब्द.

"म्हनून तर तालीम," वीरभद्रप्पा म्हणाला नि गुडघ्यावर हात टेकून उठला. "चल चन्ना, काठी धर. ह्या बाजूनं."

चन्नप्पानं धोतराला हात पुसले.