तांडा आला की दुखणारा गुडघा

तहसीलीतले एक बाबू रोज सकाळी आर्णी रोडवर धावायचे. निघण्याआधी दुखण्यांची हजेरी घ्यायचे. "आज टाच बोलून राह्यली. पोटरीचं उद्या पाहू." डोक्याला माकडटोपी, गुडघ्याला बायकोच्या जुन्या लुगड्याची पट्टी, ऑलिम्पिकात जायचीच काय ती उणीव होती. एकट्याचा उत्साह टिकत नाही म्हणून मलाही ओढून न्यायचे.

गुडघा मात्र मोठा शिस्तीचा. वाटेत बंजारा वस्तीचा तांडा आला की दुखायचा आणि बाबू चालू लागायचे. तांडा संपला की ठणठणीत.

"बाबू, तुमच्या गुडघ्याले गावाची शीव समजते," मी म्हणायचो. ते नुसते हसायचे.

एकदा त्यांना मागे टाकायची संधी साधून मी तांड्यातून तसाच धावत सुटलो. एक बाई पिठाच्या हातांनी दारातून धावत आली.

"काहून पळता भाऊ? कोणाच्या घरी काय झालं? माझा माणूस वावरातल्या रातच्या जागलीहून आला नाही अजून."

कपाशी बुडत होती ती वर्षं. सकाळी कोणी पळताना दिसला, की वावरात कोणीतरी फवारणीचं औषध प्यायल्याचीच बातमी असायची. मी जागीच थांबलो.

मागून बाबू लगबगीने चालत आले. "कोणाले काही झालं नाही, माय. ह्यांची शुगर वाढली, म्हणून पळवून राह्यलो."

आणि ती हसेपर्यंत ते माझ्या पोटाकडे बोट दाखवत उभे राहिले.